माळवद उतरवताना

आमच्या गावाकडच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, गेल्या उन्हाळ्यात उतरवले आणि त्यामागोमाग सगळे घरच उतरवले. ‘पाडले’ हा शब्द अण्णांनी त्या सव्वीस दिवसांत एकदाही तोंडातून काढला नाही, म्हणून मीही तो इथे वापरणार नाही. झाले तेही खरोखर उतरवण्याचेच काम होते. ज्या क्रमाने घर चढत गेले होते त्याच्या नेमक्या उलट्या क्रमाने आधी माती खाली आली, मग पाला, मग किलचन, कड्या, तुळया, खांब आणि सर्वांत शेवटी जोत्याचे दगड.

गाव औसा तालुक्यातले, किल्लारीपासून फार लांब नसलेले. घराला दिंडीदरवाजा, ढाळज (दाराशी असलेली बैठकीची जागा), मधे चौक, दोन बाजूंना ओसरी, आत नऊ खणांचे माजघर आणि परसात आड. आजी गेल्यापासून तिथे कायम असे कोणीच राहत नव्हते; दिवाळीला आणि पोळ्याला कुलूप निघायचे, एवढेच. घर उतरवण्याच्या आदल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीने पोट काढले. त्या भिंतीला लागूनच शाळेत जाणाऱ्या मुलांची पायवाट आहे, त्यामुळे निर्णय पुढे ढकलणे शक्यच नव्हते. चुलत भाऊ म्हणाले, जेसीबी लावू, एका दिवसात जागा मोकळी होईल. त्यांचे म्हणणे पैशाच्या हिशेबाने बरोबर होते. अण्णांनी मात्र हाताने उतरवायचे असे ठरवले, वरचा खर्च स्वतःकडे घेतला, आणि मी कॉलेजातून महिनाभराची रजा काढून लातूरहून गावी येऊन राहिले. सोबत एक वही ठेवली आणि रोज काय निघाले ते खणाच्या क्रमांकासह लिहीत गेले. हा लेख त्या वहीतूनच उतरला आहे.

ज्यांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. आमच्याकडच्या जुन्या घरांना उतरते छप्पर नसते. खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या तुकड्यांचे दाट किलचन, त्यावर पळाटी (कापसाच्या काड्या) आणि लिंबाचा पाला, आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाचे पाणी पन्हळीतून खाली पडते. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी मधे साणे ठेवलेले असते. उन्हाळ्यात घरातली निम्मी माणसे माळवदावर झोपायची. कुरडया, पापड, मिरच्या, शेंगा सगळे तिथेच वाळायचे. दरवर्षी मृगाच्या आधी घर गळू नये म्हणून नवी माती वर चढवली जायची. जुनी माती मात्र कोणी खाली काढत नसे. या एका सवयीत आमच्या भागाचा किती मोठा घात दडलेला होता, हे मला पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी दिसले.

मिस्त्रींनी माजघराच्या वर खोऱ्याने सरळ काप घेतला. मी तिथे मोजपट्टी लावली. कडेला दीड फूट आणि मधोमध सव्वादोन फूट माती होती. कापाच्या उभ्या अंगावर थर स्पष्ट दिसत होते: राखाडी पांढऱ्या मातीचा एक पट्टा, मग कुजलेल्या काडाची नखाएवढी काळी रेघ, पुन्हा पांढरा पट्टा. कुठे पट्टा चार बोटे जाड होता, म्हणजे त्या वर्षी घर फार गळले असणार. कुठे इतका पातळ की दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या. मी बत्तीस रेघा मोजल्या आणि त्यापुढे मोजणे सोडले, कारण खालचे थर दाबून एकजीव झाले होते. अगदी वर, १९९३ नंतर अंथरलेल्या मेणकापडाचे तुकडे होते. मातीत बांगड्यांच्या काचा, चिंचोके, दोन गोट्या, पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे आणि केसांत अडकवायचा एक गंजलेला आकडा सापडला. वर झोपायला, वाळवण राखायला आणि अभ्यासाला जाणाऱ्या माणसांकडून जे पडले, त्यावर पुढच्या वर्षीची माती पडली आणि ते तिथेच राहिले.

मग आम्ही हिशेब केला. साधारण हजार चौरस फुटांवर सरासरी दोन फूट म्हणजे वीस ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एक ब्रास कोरडी मातीही साडेचार टनांच्या आसपास भरते. म्हणजे आम्ही ज्याखाली जेवत होतो आणि अभ्यास करत होतो त्या छतावर सुमारे नव्वद टन वजन होते, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. अण्णा तो आकडा ऐकून बराच वेळ गप्प बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक नुकते कुठे झोपले होते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. माणसे जास्त करून घराखालीच गेली, वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीच्या आणि जाड दगडी भिंतींच्या खाली. आमचे घर उभे राहिले. घरातले सगळे याचे श्रेय देवघराला देत आले आणि मी त्या श्रद्धेला हात लावणार नाही. पण घर उलगडताना उभे राहण्याचे कारणही दिसले, आणि ते मला लिहून ठेवावेसे वाटते.

पश्चिमेची भिंत अडीच फूट जाड होती. बाहेरून पाहता एकसंध, घडीव दगडांची. उतरवायला घेतल्यावर कळले की ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मधल्या पोकळीत गोटे, कपऱ्या आणि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड संपूर्ण भिंतीत मला चारच ठिकाणी सापडला. भूकंपाच्या हादऱ्यात असे पदर एकमेकांपासून सुटतात आणि छताचा भार भिंतीवर असेल तर छत त्यांच्याबरोबरच खाली येते. आमच्या माजघरात छताचा भार भिंतीवर नव्हता. भिंतीला लागून आतल्या बाजूने खांबांची पूर्ण रांग होती आणि तुळया खांबांवर टेकलेल्या होत्या. भिंत नुसती आडोशाला. त्या रात्री भिंतीला तडे गेले, ढाळजेचा कोपरा बाहेर पडला, पण सागवानी सांगाडा जागेवर डुलला आणि थांबला. दुसऱ्या कोणाच्या घरात खांबांवर चार पैसे वाचवून कड्या थेट भिंतीवर टेकवलेल्या असतील, तर तेवढ्याने सगळे बदलले असेल. भूकंपानंतरची चार वर्षे आम्ही परसात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो आणि घरात फक्त धान्य ठेवले, हे मला चांगले आठवते.

त्याच काळात कोणाच्या तरी सल्ल्यावरून तडे बुजवून सगळ्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला होता. त्या वेळी तो मजबुतीचा उपाय वाटला. प्रत्यक्षात मातीत बांधलेली भिंत जमिनीतून ओल ओढते आणि मातीच्या गिलाव्यातून ती सुकत राहते. सिमेंटने तिची वाट बंद केली. ओल आतल्या आत खांबांकडे वळली. नऊपैकी तीन खांब तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) हातभर उंचीपर्यंत पार कुजलेले निघाले. भिंतीने पोट काढले त्याचेही मूळ बहुधा तिथेच असावे. जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या सर्वांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका.

माळवदाची माती घमेल्याने खाली येत होती तेव्हा चौथ्या दिवशी एका मजूरबाईने मला हाक मारून लाल रंगाचे एक गुळगुळीत खापर दाखवले. मग पाहता पाहता तशी बरीच निघाली. त्यात शंखाच्या बांगडीचे दोन तुकडेही होते. ही माती गावच्या गढीवरून आणलेली. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, भिंती पडल्या, राख आणि शेण मिसळत गेले, आणि त्याची ही पांढरी माती झाली. पाणी तिच्यातून सहजी झिरपत नाही, म्हणून माळवदाला तीच लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल. सातवाहन काळातल्या त्या नगराचे मणी आणि मातीच्या मूर्ती गावच्या पांढरीतूनच वर आल्या आहेत. आमच्या गावाला तेरसारखे नाव नाही. तरीही आधीच्या कोणत्या तरी वस्तीचे तुकडे इतकी वर्षे आमच्या डोक्यावर होते, आणि लहानपणी आम्ही त्यांच्यावर अंथरूण घालून चांदण्या मोजल्या, हे कळल्यावर मला त्या मातीत पाय ठेवताना संकोच वाटू लागला.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र बळदात सापडली. माजघराच्या उत्तरेच्या भिंतीत, दोन खांबांच्या मधे, पुरुषभर उंचीची धान्याची कोठी होती. तिला दार नसते. खळे झाले की माळवदावरच्या भोकातून ज्वारी आत ओतायची, राख आणि लिंबाचा पाला मिसळायचा आणि भोक फरशीने बंद करून लिंपायचे. लागेल तशी ज्वारी खालच्या वीतभर खिडकीतून काढायची. त्यामुळे घरातल्या कोणीही बळदाच्या आतल्या भिंती कधी उजेडात पाहिलेल्या नव्हत्या. वरची माती निघाली आणि सकाळचे ऊन पहिल्यांदा आत पडले. आतल्या लिंपणावर कोळशाच्या आडव्या रेघा होत्या. हातभर लांब, वेगवेगळ्या उंचीवर, एकूण एकोणीस. काही रेघांच्या शेजारी बोटाने उठवलेले शेंदराचे ठिपके, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

मी अण्णांना बोलावले. ते शिडीवरून वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्या रेघा मी मारल्यात."

मग एकेक आठवत गेले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पाडव्याच्या सुमाराला बळद भरले जायचे. त्यानंतर वर्षातून तीन वेळा, नागपंचमीला, दिवाळीला आणि संक्रांतीला, ती धाकट्या मुलाला कमरेला धोतर बांधून वरच्या भोकातून आत सोडायची. ज्वारी जिथवर असेल तिथे त्याने कोळशाने रेघ ओढायची आणि पहिल्या खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दोन, तिसऱ्या खेपेला तीन ठिपके द्यायचे. दरवर्षी सगळ्या खेपा होत नसत आणि वरच्या बाजूच्या रेघा दाण्यांच्या घासणीने पुसल्याही गेल्या असतील, त्यामुळे एकोणीसच उरल्या. दिवाळीची रेघ मागच्या दिवाळीच्या रेघेपेक्षा खाली गेली असेल तर आजी त्या दिवसापासून भाकरी मोजून थापायची आणि बलुत्याचे धान्य आधी वेगळे काढून ठेवायची. आजोबांच्या वह्यांत ज्वारीची पोती, भाव आणि उसनवारी आहे. पण घरातल्या चौदा माणसांना पुढच्या सुगीपर्यंत पुरेल का, हा हिशेब त्या वह्यांत कुठेच नाही. तो इथे होता.

एक रेघ गुडघ्याच्याही खाली होती. तिच्याजवळ दोन ठिपके. अण्णांनी तिच्यावर बोट ठेवले आणि फक्त "बहात्तर" एवढेच म्हणाले. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरात गोष्टीसारखा सांगितला जातो: खडी फोडायला गेलेली माणसे, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि तिची चिरणारी भाकरी. त्या गोष्टी ऐकून मी मोठी झाले. पण त्या वर्षीच्या दिवाळीत बळदात किती ज्वारी उरली होती हे मला त्या दिवशी कळले. मी मोजपट्टी लावली तेव्हा ती अकरा इंच भरली. दहा वर्षांचे अण्णा त्या ज्वारीत उभे होते, आणि वरून आजी विचारत होती की कुठवर आहे.

लिंपणाचा तो भाग अखंड काढून ठेवायचा आम्ही प्रयत्न केला. मिस्त्रींनी मागून फळी लावली, ओले पोते गुंडाळले, तरी तो हातात येताच भुगा झाला. माझ्याकडे छायाचित्रे आणि वहीतली मापे आहेत.

माजघराच्या दक्षिणेच्या भिंतीवर सिमेंट निघाल्यावर चुन्याचे आणि निळीचे पापुद्रे सुटत गेले आणि त्यांच्याखाली, जमिनीपासून तीन फुटांवर, लोखंडी टोकाने ओरखडलेली अक्षरे दिसली. उर्दू अक्षरे. शेजारच्या गल्लीतले चाचा शाळेत उर्दू शिकलेले. त्यांना आणून दाखवले. ते खाली बसले, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागले: अलिफ, बे, पे, ते. पेखाली तीन नुक्त्यांऐवजी दोनच होते, आणि चाचांनी लगेच बोटाने तिसरा नुक्ता हवेत दिला. त्याखालच्या ओळीत आजोबांचे नाव होते, शेवटचे अक्षर जागा न पुरल्यामुळे वर चढवलेले. निजामाच्या राज्यात कचेरी, अदालत आणि वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत चालायचे, हे मी मुलांना वर्गात शिकवते. आजोबांना मी फक्त मराठी वर्तमानपत्र वाचताना पाहिले. त्यांना उर्दू येत होती हे माहीत होते. ती त्यांनी याच भिंतीवर गिरवली होती आणि पेखालचे नुक्ते चुकले होते, हे माहीत नव्हते.

दिंडीदरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत अडसराची भोके होती. एक जोडी वापराने गुळगुळीत झालेली, आणि तिच्या फूटभर वर दुसरी, कडा अजून ओबडधोबड असलेली. दुसरी कशासाठी, हे ऐंशी ओलांडलेल्या तात्यांनी सांगितले. रझाकारांच्या दिवसांत आणखी एक अडसर बसवला होता. त्यानंतर काही महिन्यांतच सगळे घर बैलगाड्या जुंपून सोलापूरच्या बाजूला गेले आणि निजामाचे राज्य संपल्यावर, १७ सप्टेंबर १९४८ नंतर परत आले. तो अडसर पुन्हा कोणी लावला नाही.

आता घराच्या वयाविषयी. आमच्या भावकीत सर्वांचे ठाम मत होते की घर दोनशे वर्षांचे आहे. मुख्य उंबरा उचलला तेव्हा त्याच्याखाली दोन हळकुंडे, मातीत मिसळून गेलेल्या सुपारीचे टरफल आणि चांदीचा एक हाली रुपया, म्हणजे निजामाच्या राज्यातला रुपया, निघाला. रुपयावर चारमिनार, त्याच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावातले ‘ऐन’ हे अक्षर, आणि हिजरी सन १३४२, म्हणजे इसवी सन १९२३-२४. उंबरा त्याआधीचा असू शकत नाही. चुलत भावांना हे आवडले नाही आणि मलाही थोडे वाईट वाटले. पण पुढच्याच आठवड्यात खांब आडवे केल्यावर वेगळीच गोष्ट समोर आली. माजघराच्या चार खांबांवर, ज्यांत काहीच बसत नव्हते अशा खाचा होत्या, चिखल आणि लाखेने बुजवलेल्या. मिस्त्रींनी एका खाचेत बोट फिरवले आणि म्हणाले, "अण्णा, हे लाकूड दुसऱ्या घरात नांदून आलंय." दोन खांबांच्या बुंध्याशी सुतारांनी जोडणीसाठी मारलेल्या छिन्नीच्या खुणाही होत्या आणि त्यांचा क्रम आमच्या माजघराच्या क्रमाशी जुळत नव्हता. म्हणजे पणजोबांनीही एक जुने घर असेच उतरवले होते आणि त्याचे खांब इथे उभे केले होते. दोनशे वर्षे ही भावकीची आठवण घराची नसून लाकडाची असावी, असे मला वाटते. कोणाला अतिशयोक्ती वाटणारी गोष्ट अशी एखाद्या खाचेत खरी निघते, म्हणून मी घरातल्या म्हाताऱ्यांचे बोलणे आता अधिक लक्ष देऊन ऐकते.

रुपया निघाल्याची बातमी तासाभरात गावभर झाली आणि हंडा सापडला का, हे विचारायला माणसे येऊ लागली. रात्री परसात कोणी उकरू नये म्हणून दोन आठवडे आम्ही तिथेच झोपलो. हंडा निघाला नाही. तात्यांच्या फडताळातून पत्र्याच्या नळीत ठेवलेले कागद तेवढे मिळाले: मोडीतली काही पत्रे आणि फसली (निजामाच्या राज्यातल्या महसुली) सन १३४६ चा, म्हणजे १९३६-३७ सालचा, एक उर्दू स्टँप. २०२३ पासून जुन्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना आमच्या भागात फार काम आहे, त्यामुळे ते कागद वाचून मिळायला वेळ लागेल.

जुने सागवान घ्यायला शहरातून दोन व्यापारी आले होते. नक्षीचे खांब हॉटेलांच्या सजावटीला जातात म्हणे, आणि भावही चांगला देत होते. कड्या आणि किलचन त्यांना दिले. खाचा असलेले चार खांब आम्ही ठेवून घेतले. शेतातल्या नव्या घराच्या पडवीला ते लावायचे आहेत, आणि खाचा न बुजवता लावायचे असे ठरले आहे.

मातीच्या सत्तावीस ट्रॉल्या झाल्या. पांढरी माती शेताला खतासारखी मानवते, म्हणून बरीचशी आमच्याच काळीत पसरली. आता पावसाने धुतल्यावर सोयाबीनच्या ओळींमधे काचा आणि खापरे दिसतात, आणि अण्णा ती उचलून बांधावर ठेवतात. दोन ट्रॉल्या तात्यांनी मागून घेतल्या. त्यांच्या गोठ्यावर अजून माळवद आहे. मृगाच्या चार दिवस आधी ते काठी टेकत आले आणि स्वतः उभे राहून माती अंथरून घेतली. आधी जुना थर खरवडून काढायला लावायचा आणि नवी वीतभरापेक्षा जास्त चढू द्यायची नाही, असे अण्णांनी मजुरांना दोनदा बजावले, आणि संध्याकाळी मोजपट्टी घेऊन मी वर जाऊन पाहिले.